पोटभर जेवतं, मग कुपोषण कसलं?

उरणपासून श्रीवर्धनपर्यंत किनाऱ्यावरच्या कुठल्याही शाळेच्या पालकसभेत हा प्रश्न येतो. पोट भाताने भरतं, पण नुसत्या भातावर हाडं आणि रक्त पोसत नाहीत. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची सुमारे ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आढळली. हीच मुलं पुढे पहिलीत येतात. लोह कमी पडलेलं मूल तर वरून धडधाकट दिसू शकतं; ते वर्गात पेंगतं आणि आपण त्याला आळशी ठरवतो.

‘शाळेत खिचडी मिळते की!’ मिळते, आणि ती मोलाचीच आहे. पण पहिली ते पाचवीच्या या आहाराचं प्रमाण ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं एवढं आहे. सात-आठ वर्षांच्या मुलाला दिवसाला १७०० कॅलरींच्या आसपास लागतात. उरलेलं घरूनच यायला हवं. सकाळी चहा-बटर देऊन ते येत नाही. उलट जेवणाबरोबरचा चहा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही.

‘पौष्टिक म्हणजे महाग’ हा समज मला सर्वांत जास्त खटकतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि नेमकी त्याच सुमारास शाळा उघडते. ताजी मासळी नसली तरी फडताळात सुके बोंबील असतात. त्यांच्या वजनात निम्म्याहून जास्त प्रथिनं असतात. मीठ जाईल इतके धुऊन घ्यावेत, एवढंच. पावसाळ्यात टाकळा फुकट उगवतो. शंभर ग्रॅम नाचणीत तीनशे मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असतं, पांढऱ्या तांदळात जेमतेम दहाच्या आसपास. डब्यातल्या महागड्या पावडरीवर पैसे घालवायची गरज नाही.

मासे खाऊन दूध प्यायलं की कोड येतं, या भीतीने मासळीच्या दिवशी मुलांचं दूध बंद होतं. कोड त्वचेतल्या रंगपेशी नष्ट झाल्याने येतं. त्याचा या जोडीशी संबंध नाही.

राहिला शाळेतला आहाराचा तक्ता. सफरचंद-ब्रोकोलीची चित्रं पाठ करून सात वर्षांचं मूल वेगळं काही खात नाही. भातकापणीनंतर उरलेल्या ओलीवर आपल्याकडे कडवे वाल होतात, ते वर्गात आणावेत. मुलांनी ते भिजवावेत, फडक्यात बांधावेत, मोड आले की कोमट पाण्यात टाकून चिमटीने सोलावेत. स्वतः सोललेल्या वालांचं बिरडं मूल चाखून तरी बघतं. आणि सभेला आजीलाही बोलवावं. डब्यात काय जायचं, ते पुष्कळ घरांत तीच ठरवते.