भिलाईचा कामगार आणि दिल्लीचा वकील

भिलाई म्हटले की महाराष्ट्रातून नोकरीनिमित्त तेथे गेलेल्या पिढीच्या डोळ्यांसमोर उभा राहतो तो सोविएत साह्याने उभारलेला पोलाद कारखाना. त्या आखीव वसाहतीपलीकडे दुसरी एक भिलाई आहे. ती छोट्या-मोठ्या खासगी कारखान्यांची आणि ठेकेदारांकडे राबणाऱ्या कामगारांची आहे. १ जुलै १९९२ रोजी पॉवर हाऊस रेल्वे स्थानकावर रूळ अडवून बसलेल्या याच कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि डझनाहून अधिक जण मरण पावले. त्याआधी नऊ महिने, २८ सप्टेंबर १९९१ रोजी, त्यांचे नेते शंकर गुहा नियोगी यांची भिलाईतील राहत्या घरी झोपेत गोळी घालून हत्या झाली होती.

नियोगी खटल्याचा प्रवास बोलका आहे. दुर्गच्या सत्र न्यायालयाने १९९७ साली मारेकऱ्यासह काही उद्योजकांना दोषी ठरवले. पुढच्याच वर्षी जबलपूरच्या उच्च न्यायालयाने सर्वांना निर्दोष सोडले. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने केवळ मारेकऱ्याला जन्मठेप दिली. इतरांची सुटका कायम राहिली. निकालाच्या गुणदोषांत येथे शिरण्याचे कारण नाही. मात्र दुर्ग, जबलपूर आणि दिल्ली अशी चौदा वर्षांची वाट रोजंदारीवर जगणाऱ्यांच्या संघटनेने कोणाच्या बळावर चालावी, हा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही आहे.

या प्रश्नाचे उत्तर आता मोठ्या लॉ फर्मच्या दालनांत शोधले जाते. विनामोबदला वकिली, म्हणजे ज्याला तेथे 'प्रो बोनो' म्हणतात, तिला उत्तेजन द्यावे असा सूर अलीकडे राजधानीत ऐकू येतो. केंद्रीय विधी मंत्रालयाने २०१७ पासून अशा वकिलांची नोंदणी सुरू केली. अमेरिकेतील वकील संघटनेचा आदर्श नियम तर प्रत्येक वकिलाने वर्षाकाठी ५० तास अशा कामाला द्यावेत असे सुचवतो. हेतू स्तुत्य आहे, याविषयी दुमत नाही. तथापि ही मदत भिलाईपर्यंत पोहोचते काय, हे तपासले पाहिजे.

वास्तविक कायद्याच्या पुस्तकात भिलाईचा कामगार मुळीच अनाथ नाही. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३९-क आणून मोफत कायदेविषयक साह्य राज्यसंस्थेच्या धोरणाचा भाग केले. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या बाराव्या कलमात औद्योगिक कामगाराचा स्वतंत्र उल्लेख आहे. त्याला उत्पन्नाची अट लागू नाही. बार कौन्सिलच्या नियमांतही निर्धन व पीडितांना विनामूल्य साह्य देणे हे वकिलाचे श्रेष्ठ कर्तव्य मानले आहे. उणीव आहे ती दीर्घकाळ एकाच प्रकरणाचा पाठपुरावा करणाऱ्या माणसाची. प्राधिकरणाने नेमून दिलेला वकील एका तारखेला उभा राहील. वीस वर्षे उभा राहीलच असे नाही.

ही उणीव भिलाईत एकदा भरून निघाली होती. आयआयटी कानपूरमध्ये गणित शिकलेल्या सुधा भारद्वाज अमेरिकेचे नागरिकत्व सोडून छत्तीसगडमध्ये कामगारांत राहिल्या आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर, २००० साली, वकील झाल्या. राज्याचे उच्च न्यायालय बिलासपूरला आल्यावर तेथे 'जनहित' हा वकिलांचा गट त्यांनी उभा केला. भिलाईलगतच्या जामूल येथील एसीसी सिमेंट कारखान्यातील ठेका कामगारांचा लढा कामगार न्यायालयापासून उच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१२ साली त्यांच्या संघटनेने मालक असलेल्या होल्सिम कंपनीविरुद्ध थेट स्वित्झर्लंडमध्ये तक्रार नेली. अखेर जानेवारी २०१६ मध्ये समझोता झाला. कोणा बड्या फर्मचे नाव या लढ्याशी जोडले गेले नाही.

ऑगस्ट २०१८ मध्ये भीमा कोरेगाव प्रकरणी पुणे पोलिसांनी भारद्वाज यांना अटक केली. डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशान्वये त्या जामिनावर सुटल्या, तेव्हा मुंबईच्या न्यायालयाची हद्द न सोडण्याची अट त्यांना घालण्यात आली. त्या आरोपांचा निवाडा न्यायालय करील. परंतु एक व्यक्ती दूर होताच शेकडो कामगारांच्या कागदपत्रांचा जाणकार दूर होतो, ही व्यवस्था किती नाजूक आहे हे मात्र उघडे पडले.

मग मोठ्या फर्मनी ही जागा का भरू नये? अडचण हेतूची नाही, हितसंबंधांची आहे. ज्या फर्मचे अशील पोलाद, सिमेंट आणि वीज कंपन्या आहेत, ती त्यांच्याच कामगारांचे वकीलपत्र घेणार कशी? व्यवसायाची आचारसंहिताच तिला अडवते. परिणामी विनामोबदला कामाचे तास स्वयंसेवी संस्थांच्या नोंदणीसारख्या निर्धोक कामांकडे वळतात. मालकाशी भांडण आले की दार बंद होते. अमेरिकेत २०२५ साली याची दुसरी बाजू दिसली. अध्यक्ष ट्रम्प यांच्या आदेशांच्या धास्तीने नऊ मोठ्या फर्मनी मिळून जवळपास एक अब्ज डॉलरचे विनामोबदला काम देऊ केले आणि ते कोणत्या कार्यांसाठी द्यायचे हेही सरकारशी बोलून ठरले. चार फर्म न्यायालयात गेल्या आणि तेथे त्यांच्या बाजूने निकाल लागला. दानाचे तास किती, याहून प्रकरण कोण निवडतो हे महत्त्वाचे, असा त्याचा अर्थ.

म्हणून मोठ्या फर्मकडून वकीलपत्राची अपेक्षा धरण्यापेक्षा स्थानिक वकिलाला पाठबळ मागणे अधिक शहाणपणाचे. भाषेचेच पाहा. दुर्गच्या कामगार न्यायालयाचे कागद हिंदीत असतात. उच्च न्यायालयात हिंदीच्या वापरासाठी छत्तीसगडने पाठविलेला प्रस्ताव सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली स्वीकारला नाही. त्यामुळे अपिलासाठी हजारो पाने इंग्रजीत आणावी लागतात. हे भाषांतर, पूर्वनिर्णयांचा शोध, दिल्लीतील कागदपत्रांची पूर्तता आणि बिलासपूरच्या एखाद्या तरुण वकिलाला पाच वर्षांचे निश्चित मानधन, एवढे फर्मना देता येईल. ज्यांचा त्या कंपनीशी संबंध नाही त्यांनी तरी ते द्यावे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता अमलात आल्या आहेत. त्यांच्या प्रत्येक कलमाचा अर्थ आता न्यायालयांत नव्याने ठरेल आणि पहिली प्रकरणे ज्या बाजूने नीट मांडली जातील तिचाच अर्थ रूढ होईल.

संसदेलाही येथे वाव आहे. कंपन्यांवरील सामाजिक दायित्वाचे २०१३ चे कलम भागीदारी स्वरूपाच्या लॉ फर्मना लागू नाही. त्यांच्यावर सक्ती करावी असे नव्हे. पण कोणत्या प्रकारच्या प्रकरणांत किती तास दिले, हे दरवर्षी जाहीर करण्यास त्यांना सांगता येईल. त्या यादीत मालकाविरुद्ध उभ्या राहिलेल्या कामगाराचे एक तरी प्रकरण आहे काय, एवढे पाहिले तरी पुरे. ते नसेल, तर दिल्लीतील औदार्य दुर्गच्या न्यायालयाच्या पायरीपर्यंत आलेलेच नाही, असे समजावे.