मुक्या जीवाचा खोकला

पावसाळ्यात पनवेलची हवा दमट होते आणि घरोघरी खोकल्याचे आवाज ऐकू येतात. त्यांत एखादा आवाज घरातील पॉमेरेनियनचाही असतो. माणसाचा खोकला आठवडाभर राहिला तर आपण डॉक्टरांकडे जातो. कुत्र्याचा मात्र ‘घशात काही अडकले असेल’ म्हणून महिनोन्‌महिने सोडून देतो, किंवा आपल्याच बाटलीतील औषध त्याला पाजतो. हे दुसरे अधिक घातक. माणसाच्या औषधांतील पॅरासिटामॉल, झायलिटॉल यांसारखे घटक कुत्र्याला विषारी ठरू शकतात.

खोकला हा रोग नव्हे, लक्षण आहे. लहान जातींत त्यामागे प्रामुख्याने तीन कारणे आढळतात. श्वासनलिकेची कूर्चा सैल पडून ती चपटी होते. तेव्हा खोकला कोरडा, बदकाच्या ओरडण्यासारखा येतो आणि गळ्याचा पट्टा ओढला जाताच उसळतो. दुसरे कारण श्वासनलिकेच्या शाखांचा जुनाट दाह. धूप-उदबत्तीच्या धुराने तो वाढतो. तिसरे, हृदयाच्या डाव्या बाजूची झडप झिजणे; यात हृदय मोठे होते आणि पुढे फुप्फुसांत पाणी साचू शकते.

उतारवयात ही कारणे एकत्रही नांदतात. म्हणून हृदयात मर्मर ऐकू आली, एवढ्यावरून खोकला हृदयाचाच ठरत नाही. श्वास घेताना आणि सोडताना असे दोन्ही वेळचे एक्स-रे काढल्यास नलिका कोठे मिटते ते कळण्यास मदत होते. झडपेची स्थिती इकोमध्ये दिसते. १८८६ साली स्थापन झालेले परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयही पनवेलकरांना फार दूर नाही.

निदानाचा अर्धा भाग मात्र घरातच असतो. खोकल्याचा व्हिडिओ काढून ठेवावा. कुत्रे गाढ झोपेत असता मिनिटभरातील श्वास मोजावेत. ते वारंवार ३० च्या वर जात असतील तर विलंब करू नये. धाप लागली, जीभ निळसर झाली किंवा शुद्ध हरपली, तर तत्काळ दवाखाना गाठावा.

अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘बंध’ आणि ‘अन्नपाननिरोध’ यांची गणना होते. गळ्याचा पट्टा काढून छातीचा पट्टा घालणे हे बंध सैल करणेच होय. आणि लठ्ठ कुत्र्याला वैद्यांच्या सल्ल्याने मोजून अन्न देणे हा अन्नपाननिरोध नव्हे. लाडाने भरवलेला पेढा त्याचा श्वास जड करतो. जीवदयेला विवेकाची जोड हवी, ती अशी.