केसपेपरवर नसलेला घोडा

सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात केसपेपर काढताना नाव, वय, पत्ता आणि व्यवसाय विचारला जातो. व्यवसायाच्या रकान्यात बहुतेक वेळा ‘मजुरी’ किंवा ‘शेती’ लिहिले जाते आणि रांग पुढे सरकते. घोडा पाळून पोट भरणारा माणूसही त्या कागदावर ‘मजूर’च होतो. त्याचा दिवस ज्याच्याभोवती फिरतो, घरातला पैसा ज्याच्या पाठीवरून येतो आणि ज्याच्यामुळे काही आजार त्याला इतरांपेक्षा जास्त सहज गाठू शकतात, तो घोडा केसपेपरवर कुठेच नसतो. हा एक शब्द राहून गेल्याने कधीकधी निदान चुकते, तर कधी उपचार अर्धवट राहतात.

महाराष्ट्रात घोडा म्हटला की रेसकोर्स किंवा लग्नाची वरात आठवते. पण घोड्यावर संसार चालवणारी माणसे पाहायची तर माथेरानला जावे. रायगड जिल्ह्यातल्या या थंड हवेच्या ठिकाणी खासगी मोटारींना बंदी आहे. गाड्या दस्तुरी नाक्यावर थांबतात. तिथून पुढे पायी जायचे, मिनी ट्रेनने जायचे, नाहीतर घोड्यावर बसायचे. पाचगणी, महाबळेश्वर, किनाऱ्यावरची पर्यटनस्थळे आणि वरातीचा व्यवसाय असलेली शहरे, सगळीकडे असे अश्वपालक आहेत. नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो, तेव्हा या व्यवसायाचा पसारा लक्षात येतो.

घोड्याचे घड्याळ

घोड्याला सुट्टी नसते, म्हणून मालकालाही नसते. चारशे किलो वजनाच्या घोड्याला दिवसाला साधारण आठ किलो कोरडा चारा लागतो. पाणी पंचवीस ते चाळीस लिटर, उन्हाळ्यात त्याहून जास्त. शिवाय चंदी, खरारा, खूर साफ करणे, लीद उचलणे आणि ठरावीक दिवसांनी नालबंदाकडे नेणे. पर्यटक असोत वा नसोत, चारा रोज लागतोच. पावसाळ्यात धंदा बसतो, पण घोड्याचे पोट बसत नाही.

घोड्याला उलटी करता येत नाही. त्यामुळे चाऱ्यात अचानक बदल झाला, पाणी कमी पडले किंवा धान्य जास्त झाले, तर पोटशूळ उठतो आणि तो जिवावर बेतू शकतो. अशा रात्री घोडा लोळू लागला की अख्खे घर जागे असते. मालक त्याला हाताने फिरवत राहतो आणि पशुवैद्यकाची वाट पाहतो. घरातल्या माणसाच्या पोटदुखीला ओव्याचा काढा पुरतो, घोड्याच्या पोटदुखीला मात्र लगेच डॉक्टर बोलावला जातो. बाहेरच्याला हे विचित्र वाटेल. पण घरात कमावता जीव एकच असेल, तर तो दोन पायांचा की चार पायांचा हा प्रश्न त्या घरापुरता तरी गौण असतो.

धनुर्वात : घोडा सुरक्षित, मालक नाही

धनुर्वाताच्या जंतूचे बीजाणू माती आणि धुळीत तसेच घोडा, गाय यांसारख्या जनावरांच्या आतड्यात आणि शेणा-लिदीत असतात. तबेल्यातला गंजका खिळा, नाल ठोकताना झालेली जखम, अनवाणी पायात घुसलेली काडी, यातल्या कशातूनही ते शरीरात शिरू शकतात. खोल, मातीने माखलेल्या, हवा न लागणाऱ्या जखमेत हे बीजाणू रुजतात आणि विष तयार करतात. साधारण तीन ते एकवीस दिवसांत जबडा आवळू लागतो, दातखीळ बसते, मान ताठरते, गिळता येत नाही. पुढे साधा आवाज झाला तरी झटके येतात आणि पाठ धनुष्यासारखी वाकते. आजाराला नाव त्यावरूनच मिळाले. रुग्णाला अतिदक्षता विभागात कित्येक आठवडे काढावे लागू शकतात आणि सगळे उपचार करूनही मृत्यू येऊ शकतो. वाचलेल्यालाही लस घ्यावीच लागते, कारण हा आजार होऊन गेल्याने प्रतिकारशक्ती येत नाही.

घोडा स्वतः या विषाला फार संवेदनशील असतो. म्हणून जाणते अश्वपालक घोड्याला धनुर्वाताची लस वेळेवर देतात. त्याच मालकाला ‘तुमची लस कधी झाली?’ असे विचारले, तर तो आठवू लागतो. यामागे एक साधे कारण आहे. भारतात सार्वत्रिक लसीकरणाची सुरुवात 1985 मध्ये झाली. त्याआधी जन्मलेल्या अनेकांना लहानपणी पूर्ण मात्रा मिळाल्याच नाहीत. स्त्रियांना निदान गरोदरपणात धनुर्वाताची लस मिळत गेली. पन्नाशीपुढच्या पुरुषाला मात्र ती मिळण्याची वेळ येते जखम झाल्यावरच, तीही तो दवाखान्यात गेला तर.

पूर्वी कधीच लस न घेतलेल्या प्रौढाला तीन मात्रा लागतात. पहिलीनंतर चार आठवड्यांनी दुसरी आणि त्यानंतर सहा ते बारा महिन्यांनी तिसरी. पुढे दर दहा वर्षांनी एक बूस्टर. जखम खोल किंवा लीद-मातीने माखलेली असेल आणि शेवटच्या मात्रेला पाच वर्षे उलटली असतील, तर बूस्टर लगेच घ्यावा. मुळात लसच झालेली नसेल, तर अशा जखमेसाठी लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनचे इंजेक्शनही लागते. ‘जखम झाली की इंजेक्शन घेऊ’ हा हिशेब म्हणूनच अपुरा ठरतो. जखम होण्याआधीच्या मात्रा जास्त मोलाच्या असतात.

वैद्यकाच्या इतिहासात घोड्याची दुसरी बाजूही आहे. 1890 मध्ये बेरिंग आणि कितासातो यांनी दाखवून दिले की, प्रतिकारशक्ती आलेल्या प्राण्याच्या रक्तद्रवाने दुसऱ्या प्राण्याला धनुर्वातापासून वाचवता येते. पुढे हा रक्तद्रव मोठ्या प्रमाणावर मिळवण्यासाठी घोडेच वापरले गेले. आजही आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्या विषावरचे औषध घोड्याच्या रक्तातूनच तयार होते. लिदीतून धनुर्वाताचे बीजाणू पसरवणाऱ्या प्राण्यानेच असंख्य माणसांना विषातून सोडवले आहे.

लाथ आणि ‘काही झालं नाही’

‘साहेबाच्या पुढून आणि घोड्याच्या मागून जाऊ नये’ ही म्हण सगळ्यांना पाठ असते. तिला शास्त्रीय आधारही आहे. घोड्याचे डोळे बाजूला असल्याने त्याला जवळजवळ सभोवार दिसते, पण थेट पाठीमागचा आणि अगदी नाकासमोरचा थोडा भाग दिसत नाही. मागून अचानक हालचाल झाली की तो घाबरतो आणि दुगाण्या झाडतो. अनेकदा सवयीचा घोडा आणि सवयीचा मालक असतानाच हे घडते, कारण सवयीने सावधपणा कमी होतो.

पोटावर बसलेल्या लाथेचा धोका वरून दिसत नाही. कातडीवर जेमतेम वळ असतो, माणूस उठून उभा राहतो आणि ‘काही झालं नाही’ म्हणतो. आत मात्र यकृत किंवा प्लीहा फाटून हळूहळू रक्तस्राव सुरू असू शकतो. काही तासांनी चेहरा पांढरा पडतो, घाम फुटतो, चक्कर येते, पोटदुखी वाढते, कधी डावा खांदा दुखू लागतो. हे घरी थांबण्याचे दुखणे नाही. पोटावर किंवा छातीवर जोराची लाथ बसली, तर बरे वाटत असले तरी त्याच दिवशी सोनोग्राफीची सोय असलेल्या रुग्णालयात तपासून घ्यावे. डोक्याला मार लागल्यावर उलट्या, गुंगी, असंबद्ध बोलणे किंवा कानातून पाणी येणे ही लक्षणेही तितकीच गंभीर आहेत.

आणखी एक सवय महागात पडते. लगाम किंवा दोर हाताला गुंडाळून उभे राहणे. घोडा बिथरला की गुंडाळलेला दोर बोटाची कातडी सोलून काढतो, कधी बोटच तोडतो. दोर मुठीत धरावा, हाताभोवती गुंडाळू नये.

तोंडात हात घालण्याआधी

घोड्याला गिळता येत नसेल, लाळ गळत असेल, तर घशात काही अडकले असेल म्हणून मालक थेट तोंडात हात घालतो. बहुतेक वेळा कारण तेच असते. पण पिसाळलेले कुत्रे चावलेल्या घोड्याला रेबीज होऊ शकतो आणि तेव्हाही हीच लक्षणे दिसतात. हातावरच्या ओरखड्यातून लाळ शिरली तर धोका माणसालाही असतो. अशा वेळी पशुवैद्यक येईपर्यंत थांबावे. लाळेचा जखमेशी संपर्क झालाच असेल, तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लगेच रुग्णालय गाठावे. लक्षणे सुरू झाल्यावर रेबीजवर उपाय उरत नाही, वेळेवर घेतलेली लस मात्र जीव वाचवते.

तबेल्यातली धूळही निरुपद्रवी नाही. बुरशी लागलेला चारा झाडताना उडणारी धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली, तर काहींच्या फुप्फुसांना त्याची ॲलर्जी होते. काम केल्यावर काही तासांनी ताप, खोकला, धाप असा त्रास होतो आणि तो न्यूमोनिया समजला जातो. चारा कोरडा ठेवणे, झाडण्याआधी किंचित ओला करणे आणि तोंडाला मास्क लावणे हे स्वस्त उपाय आहेत.

ग्लँडर्सची भीती

अश्वपालकांच्या घरात सर्वांत हळू आवाजात उच्चारला जाणारा शब्द म्हणजे ग्लँडर्स. घोडे, गाढवे आणि खेचरांना होणारा हा जिवाणूजन्य आजार आहे. नाकातून घट्ट स्राव, ताप, पायावर किंवा अंगावर गाठी आणि व्रण ही त्याची लक्षणे. काही घोडे आजार अंगात असूनही बरेच दिवस ठीक दिसतात. 2006 मध्ये महाराष्ट्रासह देशाच्या काही भागांत या आजाराने पुन्हा डोके वर काढले. संशयित घोड्याचे रक्त तपासण्यासाठी हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राची मदत घेतली जाते. यावर ना घोड्यासाठी लस आहे, ना माणसासाठी. घोड्यात आजार पक्का झाला, तर उपचार न करता त्याला वेदनारहित मृत्यू देऊन खोल पुरावे लागते.

माणसाला हा आजार क्वचितच होतो. पण स्रावाच्या संपर्कातून तो होऊ शकतो आणि वेळेवर योग्य प्रतिजैविके मिळाली नाहीत, तर जीवघेणा ठरतो. ताप, छातीत दुखणे, खोकला, कातडीवर पिकलेल्या गाठी ही लक्षणे पाहून डॉक्टरला क्षयरोग किंवा साधा न्यूमोनियाच आठवणार. घोड्याचा उल्लेख झाला, तरच विचाराची दिशा बदलते.

नेमका इथेच पेच आहे. घोड्याचे नाक वाहते हे सांगितले तर तपासणी होईल आणि तपासणीत काही निघाले तर घोडा जाईल. कर्ज काढून घेतलेला घोडा गेला, तर हप्ते कसे फेडायचे? म्हणून काही जण गप्प राहतात. या गप्प राहण्याला बेजबाबदारपणा म्हणून सोडून देणे सोपे आहे, पण त्याने आजार थांबत नाही. घोडा नष्ट करावा लागल्यास नुकसानभरपाई देण्याची सरकारी योजना आहे. ती वेळेवर आणि विनाखेटे मिळाली, तर माहिती लपवण्याचे कारणच कमी होईल. भरपाईचा धनादेश हादेखील साथ रोखण्याचाच एक उपाय असतो.

‘घोडा कोण बघणार?’

हर्नियाची शस्त्रक्रिया, क्षयरोगासाठी भरती, मोडलेल्या पायाचे प्लास्टर, कशासाठीही थांबायला सांगितले की अश्वपालकाचा पहिला प्रश्न हाच असतो. उत्तर मिळाले नाही, तर तो सल्ल्याविरुद्ध घरी जातो. शस्त्रक्रियेनंतर सहा आठवडे वजन उचलू नका असे कागदावर लिहून दिले, तरी पाण्याची बादली आणि चाऱ्याचा भारा त्याची वाट पाहत असतो. जे उपचार थांबू शकतात, ते पावसाळ्यातल्या मंदीत ठरवणे, घरातल्या दुसऱ्या माणसाला आधीच तयार करणे, शेजारच्या घोडेवाल्याशी अदलाबदलीने काम ठरवणे, हे उपाय साधे आहेत. पण ते भरतीआधी बोलले गेले तरच उपयोगी पडतात.

घोडा माणसाला केवळ आजारच देतो असे नाही. रोज पहाटे उठवतो, चढउतारावर मैलोन्‌मैल चालवतो, स्वतःपलीकडे कुणाची तरी काळजी घ्यायला लावतो. दारू सुटायला किंवा खचलेले मन सावरायला ‘सकाळी चंदी द्यायची आहे’ एवढे कारणही काहींना पुरते. म्हणूनच घोडा गेल्यावर मागे राहणारी पोकळी फक्त पैशाची नसते. 2015 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहरातल्या व्हिक्टोरिया घोडागाड्या बेकायदा ठरवल्या. घोड्यांच्या हालअपेष्टा पाहता त्या निर्णयामागे सबळ कारणे होती. तरीही ज्यांच्या हातातला लगाम सुटला, त्यांच्यापुढे पर्यायी रोजगाराबरोबर रिकाम्या पहाटेचाही प्रश्न होता. घोडा गमावलेल्या माणसाची झोप उडाली, जेवण सुटले, तो घुम्यासारखा बसून राहू लागला, तर ‘जनावरच तर होतं’ असे म्हणू नये. त्याला डॉक्टरकडे न्यावे.

बाकी सगळे विसरले तरी अश्वपालकांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. घोड्याच्या लसीची तारीख लिहून ठेवता, त्याच वहीत खाली आपल्या लसीची तारीख लिहावी. आणि दवाखान्यात दुखणे कोणतेही असो, सुरुवातीलाच सांगावे, ‘डॉक्टर, माझ्याकडे घोडा आहे.’ समोरच्या डॉक्टरनेही ते ‘मजुरी’च्या शेजारी लिहून घ्यावे. त्याला चार अक्षरांपेक्षा जास्त शाई लागत नाही.