परदेशी शिकायला गेलेल्या लेकराचे पहिले आठवडे

हिंगोली जिल्ह्यातील कळमनुरी तालुक्यात, नांदेडच्या वाटेवर डोंगरकडा हे गाव आहे. केळीच्या बागांचा हा भाग. ज्यांना बाग आहे ते बागाईतदार आणि ज्यांना नाही ते त्या बागेत राबणारे. आपली बहुतेक घरे दुसऱ्या बाजूची. अशा घरातील मुलगा किंवा मुलगी लंडनला, न्यूयॉर्कला, जर्मनीला शिकायला जाईल, हे आजोबांच्या पिढीला सांगितले असते तर त्यांनी हसण्यावारी नेले असते. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. १९५० साली बाबासाहेबांनी औरंगाबादला महाविद्यालय काढले, ते पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. खेड्यातून डोक्यावर पत्र्याची पेटी घेऊन तिथे पोचणे हाच तेव्हा आपल्या मुलांचा परदेश होता. १९९४ साली नांदेडला विद्यापीठ झाले आणि पदवी दाराशी आली. आता पुढची पायरी समुद्रापलीकडची आहे.

ही पायरी चढणाऱ्यांची संख्या अजून थोडी आहे, पण वाढते आहे. म्हणून आम्ही आज या पानावर प्रवेश कसा मिळवावा हे सांगणार नाही. ती माहिती देणारे पुष्कळ आहेत. विमान उतरल्यावर पहिल्या सहा-आठ आठवड्यांत लेकराचे काय होते, याबद्दल मात्र फारसे कोणी बोलत नाही. विमानतळावरचा हार घातलेला फोटो घरी येतो आणि मग सगळे धरून चालतात की पोरगं मार्गी लागलं. खरी परीक्षा तिथून पुढे सुरू होते.

बाबासाहेबांचे पहिले दिवस

या बाबतीत आपल्यासमोर सर्वांत मोठे उदाहरण घरातलेच आहे. १९१३ साली भीमराव आंबेडकर बावीस वर्षांचे होते. त्याच वर्षी २ फेब्रुवारीला वडील सुभेदार रामजी गेले. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी शिष्यवृत्ती मंजूर केली. ४ जून १९१३ रोजी करारावर सही झाली. शिक्षण संपल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची, अशी त्यात अट होती. महिन्याला साडेअकरा पौंड मिळणार होते. परळच्या चाळीत रमाई आणि तान्हा यशवंत यांना ठेवून ते बोटीने निघाले आणि जुलै महिन्यात न्यूयॉर्कला पोचले.

पोचल्यावर पहिला प्रश्न कोणता आला असेल? अर्थशास्त्राचा नव्हे, जेवणाचा. कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टली हॉल या वसतिगृहात ते आठवडाभरच राहिले. तिथले जेवण नीट शिजलेले नसे, गोमांसाचे पदार्थ असत. ते त्यांना रुचले नाही. मग ते पश्चिम ११४ व्या रस्त्यावरील कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये राहायला गेले, कारण तिथे काही हिंदी विद्यार्थी होते. काही काळाने लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याबरोबर राहू लागले.

वाचकहो, यातून एक गोष्ट ध्यानात घ्या. पहिल्या महिन्यात राहण्याची जागा बदलावी लागली, अन्न गेले नाही, सोबतीसाठी आपल्या देशाची माणसे शोधावीशी वाटली, तर ते दुबळेपणाचे लक्षण नाही. जे बाबासाहेबांना करावे लागले ते तुमच्या मुलीला करावे लागले तर तिला फोनवर रागावू नका.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. चरित्रकार सांगतात की सुरुवातीचा काही काळ त्यांचाही मित्रमंडळी, खेळ, नाटके यांत गेला. यात नवल कसले? ज्याला शाळेत गोणपाटावर वेगळे बसावे लागले, पाण्याच्या घोटासाठी शिपायाची वाट पाहावी लागली, तो तरुण पहिल्यांदाच अशा ठिकाणी आला होता जिथे एका टेबलावर सर्वांबरोबर जेवता येत होते, कोणी जात विचारत नव्हते. मोकळेपणाची ती पहिली चव होती. पण थोड्याच काळात त्यांनी स्वतःला आवरले. आपण कोणाच्या पैशावर, कशासाठी आलो आणि मागे घरी कोण कष्टात आहे, याचा विचार करून ते अभ्यासाला बसले ते बसलेच. कोलंबियातील मुक्कामात त्यांनी अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५ आणि मानववंशशास्त्राचे ४ अभ्यासक्रम घेतले. १९१५ साली एम. ए. झाले. ९ मे १९१६ रोजी डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी हिंदुस्थानातील जातींवरचा आपला प्रसिद्ध निबंध वाचला.

म्हणजे पहिले आठवडे चुकले म्हणून सारे चुकले असे नाही. वेळीच सावरणे महत्त्वाचे.

त्यांच्या एका वेळच्या जेवणाचा हिशेबही चरित्रात आहे: कॉफीचा पेला, दोन मफिन आणि मांसाची किंवा मासळीची एक बशी, खर्च एक डॉलर दहा सेंट. त्यातून वाचवून घरी पैसे पाठवायचे आणि उरले तर जुन्या पुस्तकांच्या दुकानात जायचे. न्यूयॉर्कमध्ये त्यांनी सुमारे दोन हजार पुस्तके जमवली. तिथून वडिलांच्या एका स्नेह्याला त्यांनी पत्र लिहिले. त्यात मुलांच्या बरोबरीने मुलींनाही शिकवले तर समाजाची प्रगती झपाट्याने होईल, असे त्यांनी कळवले होते. परक्या देशात पाय ठेवल्यावर त्यांना आपल्या समाजातील मुली आठवल्या, हे आज परदेशी जाणाऱ्या प्रत्येक लेकीने लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आणि तो खोलीतला सोबती नवल भथेना? पुढे १९२० साली बाबासाहेब अपुरे शिक्षण पुरे करायला पुन्हा लंडनला निघाले, तेव्हा त्यांच्याजवळ सिडनहॅम महाविद्यालयातील नोकरीतून वाचवलेला पैसा होता, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत होती आणि याच भथेनांनी दिलेले पाच हजार रुपयांचे कर्ज होते. सुरुवातीच्या काळात जोडलेले माणूस असे आयुष्याला पुरते.

थंडी आणि प्रकृती

त्याच्या तीस वर्षे आधी, जून १८८३ मध्ये, आनंदीबाई जोशी अमेरिकेत पोचल्या. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या. पण थंडी, परके अन्न आणि न सोसणारी राहणी यांनी प्रकृती ढासळली, क्षयाने गाठले आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वय अवघे २१. आज औषधे आहेत, गरम खोल्या आहेत. तरीही धडा तोच आहे. प्रकृतीची हेळसांड करून पदवी मिळवू नये.

मराठवाड्याच्या उन्हात वाढलेल्या मुलाला थंडीची कल्पना नसते. डिसेंबरात लंडनला दुपारी चारच्या आत सूर्य मावळतो. दिवसच्या दिवस आभाळ भरलेले. अशा वेळी मन उदास होते, झोप बिघडते, कोणाशी बोलावेसे वाटत नाही. हा घराच्या ओढीचा आणि अंधाराचा परिणाम असतो. बहुतेक विद्यापीठांत विद्यार्थ्यांच्या मनाची विचारपूस करणारा विभाग असतो आणि त्यासाठी सहसा वेगळे पैसे पडत नाहीत. तिथे जाण्यात कमीपणा नाही. इंग्लंडच्या व्हिसाबरोबर आरोग्याचा आकार आधीच भरून घेतात. तेव्हा पोचल्याबरोबर जवळच्या डॉक्टरकडे नाव नोंदवावे. आजारी पडल्यावर नोंदवू म्हणू नये.

पहिल्या पंधरवड्याची कामे

पैसा. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती योजना २००३ पासून आहे. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलामुलींसाठी दरवर्षी ७५ जागा असतात. केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती वेगळी. तिच्या १२५ जागांपैकी ११५ अनुसूचित जातींसाठी आहेत. फी, निर्वाहभत्ता आणि विमानभाडे यांत मिळते. परंतु निर्वाहभत्त्याचा पहिला हप्ता उतरल्या दिवशी हातात पडेल असे धरून चालू नये. खोलीची अनामत, पहिल्या महिन्याचे भाडे, गरम कपडे, बसचा पास हे सगळे पहिल्या आठवड्यातच लागते. निदान दोन महिने निभतील एवढी सोय करूनच निघावे. मात्र त्यासाठी सावकाराच्या दारात जाऊ नये. नातलग, समाजातील नोकरदार मंडळी आणि आधी जाऊन आलेले विद्यार्थी यांच्याशी आधीच बोलावे.

कागद. देशागणिक नियम वेगळे. जर्मनीत राहत्या पत्त्याची नोंद साधारण दोन आठवड्यांत करावी लागते. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही, पण वर्षभराच्या खर्चाची रक्कम आधी एका खास खात्यात ठेवून दाखवावी लागते. अमेरिकेत विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयात हजेरी द्यावी लागते. इंग्लंडमध्ये सत्र चालू असताना पदवीच्या विद्यार्थ्याला आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त काम करता येत नाही. दोन पैसे जास्त मिळतात म्हणून हा नियम मोडला तर व्हिसाच धोक्यात येतो. मूळ प्रमाणपत्रे जपून ठेवावीत आणि सर्व कागदांच्या प्रती घरीही ठेवाव्यात.

फसवणूक. खोली न पाहता अनामत पाठवू नये. ‘व्हिसा कार्यालयातून बोलतो, ताबडतोब पैसे भरा, नाहीतर परत पाठवू’ असे फोन नव्या विद्यार्थ्यांना येतात. असा फोन आला की ठेवून द्यावा आणि विद्यापीठात जाऊन विचारावे.

वर्ग. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला पहिले काही आठवडे प्राध्यापकांचे उच्चार कळत नाहीत. यात बुद्धीचा प्रश्न नाही, कानाला सवय नसते. व्याख्यानाआधी नेमलेले पान वाचून गेले तर निम्मे समजते. तिथे प्रश्न विचारणाऱ्याला उद्धट म्हणत नाहीत, उलट गप्प बसणाऱ्याचे गुण जातात. दुसऱ्याच्या पुस्तकातील मजकूर त्याचे नाव न सांगता उतरवला तर ती चोरी ठरते आणि त्यापायी प्रवेशही जाऊ शकतो. आपल्याकडे गाईड पाहून उत्तरे लिहिण्याची सवय असते, ती विमानतळावरच सोडून द्यावी.

जात समुद्र ओलांडते

बाबासाहेबांना न्यूयॉर्कमध्ये जात विचारणारे कोणी नव्हते. आज तिथे हिंदुस्थानी लोक लाखोंनी आहेत आणि काहींनी सामानात जातही नेली आहे. एका स्वयंपाकघरात राहताना ‘आडनाव काय? गाव कुठलं? सण कोणते करता?’ असे आडून विचारले जाते. अमेरिकेतील ब्रँडाइस विद्यापीठाने २०१९ साली आपल्या नियमांत जातीवरून भेदभावाला बंदी घातली. २०२२ साली कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाने तेच केले. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल शहराने तसा कायदा केला. एवढे करावे लागले याचाच अर्थ तिथे त्रास आहे. आपल्या मुलाला हे आधी माहीत असावे. विचारले तर खरे सांगायचे की लपवायचे, हा त्याचा निर्णय. पण लाजण्याचे कारण नाही. त्रास झाला तर तारीख-वार लिहून ठेवावे आणि विद्यापीठाकडे लेखी तक्रार करावी.

त्याचबरोबर आधाराच्या जागाही आहेत. कोलंबियाच्या लेहमन ग्रंथालयात बाबासाहेबांचा अर्धपुतळा आहे. लंडनमध्ये १० किंग हेन्री रोड या घरात ते १९२१-२२ साली राहत होते. ते घर २०१५ साली महाराष्ट्र शासनाने घेतले आणि आता तिथे स्मारक आहे. पहिल्या महिन्यातील एका रविवारी तिथे जाऊन यावे. आपली माणसेही तिथेच भेटतात.

घरच्यांनी काय करावे

आता चार शब्द आईवडिलांसाठी. डोंगरकड्याला रात्रीचे आठ वाजतात तेव्हा उन्हाळ्यात लंडनला दुपारचे साडेतीन आणि न्यूयॉर्कला सकाळचे साडेदहा वाजलेले असतात. हिवाळ्यात दोन्हीकडे आणखी एक तास मागे. म्हणजे तुमची निवांत वेळ ही मुलाची वर्गाची वेळ. फोन उचलला नाही की जीव टांगणीला लावू नका. आठवड्यातील एक दिवस आणि एक वेळ ठरवून घ्या.

घरातले दुखणेखुपणे लपवू नका, पण रोजची भांडणेही त्याच्या कानावर घालू नका. ‘पैसे कधी पाठवतोस?’ हा प्रश्न पहिले वर्षभर तरी विचारू नका. त्याऐवजी ‘आज काय जेवलास? कोणाशी बोललास?’ असे विचारा. दोन-तीन आठवडे उत्तरे तुटक येऊ लागली, आवाज बदलला, तर त्याच्या एखाद्या मित्राचा नंबर जवळ असू द्या. तो नंबर निघण्याआधीच मागून घ्या.

आणि मुलगी जाणार असेल तर गावातील चार तोंडांना उत्तर देण्याची जबाबदारी तुमची, तिची नव्हे. रमाईंनी गोवऱ्या थापून संसार ओढला आणि तिकडे अभ्यासात खंड पडू दिला नाही. शिकणाऱ्याइतकेच मागे राहणाऱ्यांचेही बळ लागते. डोंगरकड्यासारख्या गावातून या वर्षी कोणी निघणार असेल, तर त्याच्यासाठी सत्कार आणि बॅनरवर होणारा खर्च बाजूला ठेवावा आणि त्या पैशात एक चांगला गरम कोट आणि दोन महिन्यांचे खोलीभाडे द्यावे. पहिल्या आठवड्यांत त्याला त्याचाच उपयोग होईल.