आइस्क्रीमचा खरा हंगाम

निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या येऊ लागल्या की घरातले आइस्क्रीमचे पॉट माळ्यावर जाते. माझ्या मते ते तेव्हाच खाली काढावे. खायला उन्हाळा कितीही बरा असो, घरी करायला मात्र हिवाळाच चांगला, कारण आइस्क्रीमची सगळी मजा त्यातल्या बर्फाच्या कणांवर ठरते.

दूध, साय आणि साखरेचे मिश्रण शून्य अंशाला गोठत नाही. विरघळलेली साखर पाण्याला सहजी बर्फ होऊ देत नाही; उणे अडीच-तीन अंशांच्या आसपास पहिले स्फटिक धरू लागतात. ते साधारण ५० मायक्रोमीटरहून लहान राहिले तर जिभेला कळतही नाहीत. मोठे झाले की आइस्क्रीम कचकचते. मिश्रण झपाट्याने गोठले तर स्फटिक पुष्कळ आणि बारीक होतात, रेंगाळत गोठले तर मोजके आणि जाडे.

पॉटमध्ये हा झपाटा येतो तो आतल्या डब्याभोवतीच्या बर्फात घातलेल्या जाड्या मिठामुळे. नुसता बर्फ शून्य अंशालाच वितळत राहतो. मीठ पडले की तो त्याहून थंड असतानाही वितळू लागतो, आणि एक ग्रॅम बर्फ वितळायला सुमारे ८० कॅलरी उष्णता लागते. ती तो आतल्या डब्यातल्या दुधातून ओढून घेतो. वजनाने तीन भाग बर्फाला एक भाग मीठ घेतले, तर हे मिश्रण तत्त्वतः उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकते. घरी उणे दहा-बारा साधले तरी काम फत्ते. डब्याच्या आतल्या बाजूला दुधाचा पातळ पापुद्रा धरतो, दांडा फिरवला की आतले पाते तो खरवडून मध्ये लोटते, लगेच नवा धरतो. हाताला दांडा जड लागू लागला की आइस्क्रीम झाले. अमेरिकेत नॅन्सी जॉन्सन यांनी १८४३ साली अशा हाताने फिरवायच्या यंत्राचे पेटंट घेतले. मूळ रचना अजून तीच आहे.

मे महिन्यात या बर्फाची बरीचशी ताकद स्वयंपाकघरातली उष्णता शोषण्यातच जाते. जानेवारीत ती दुधाच्या कामी येते. फ्रीजरचेही तसेच. उन्हाळ्यात दार उघडले की गरम, दमट हवा आत शिरते, वीज गेली की आइस्क्रीम जरासे पाझरते आणि पुन्हा गोठते. या चढउतारात बारीक स्फटिक विरघळतात आणि त्यांचे पाणी मोठ्या स्फटिकांवर चढते. पहिल्या दिवशी मऊसूत असलेले आइस्क्रीम आठवड्याने खरखरीत लागते ते यामुळेच. आइस्क्रीमच्या मिश्रणात घालायची सीएमसी पावडर पाण्याला दाटपणा आणून ही वाढ रोखते. जीएमएस पावडर स्निग्धांश आणि पाण्याचा मेळ घालते, घुसळलेली हवाही टिकते. पावडरी नको असतील तर दूध चांगले आटवा, कारण पाणी कमी तर बर्फही कमी.

दह्याच्या आइस्क्रीमला थंडी आणखी एका कारणाने मानवते. थंडीत दही उशिरा लागते म्हणून आपण कुरकुरतो, पण हळू लागलेल्या दह्यातले प्रथिनांचे जाळे घट्ट विणले जाते आणि ते पाणी कमी सोडते. तरीही दही तसेच गोठवू नका, त्याचा दगड होतो. श्रीखंडाला बांधतो तसे फडक्यात बांधून चक्का करा. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी याच दिवसांत बाजारात असते, पण तिच्यात सुमारे ९० टक्के पाणी! कच्चे तुकडे घातले तर दाताखाली बर्फाचे खडे येतात. साखरेत शिजवून, आटवून मगच चक्क्यात मिसळा. गार जिभेला गोडी कमी कळते, तेव्हा गोठवण्याआधी मिश्रण किंचित जास्त गोड लागायला हवे.

पॉटमधले खारे पाणी मात्र कुंड्यांत ओतू नका. मीठ मातीत साचून राहते आणि झाडे करपतात.