खिशातला बाजार आणि उसाचे बिल



उसाची गाडी काट्यावर आली की आपण काय करतो? पावती हातात घेतो आणि आधी वजन वाचतो. वाचता येत नसेल तर शेजारच्याकडून वाचून घेतो. भरलेल्या गाडीचे वजन, रिकाम्या गाडीचे वजन, वजावट, निव्वळ ऊस, हे सगळे बघितल्याशिवाय कोणी काट्यावरून हलत नाही. ही आपली चांगली सवय आहे, आणि कारखान्याचे मालक आपणच असल्यामुळे तो आपला हक्कही आहे. पण त्याच उसाचे बिल खात्यात जमा झाल्याचा संदेश मोबाईलवर आला की पुढे ते पैसे कोणत्या काट्यावरून जातात, आणि तिथली पावती कोण वाचतो? या अंकात आम्ही याच गोष्टीचा थोडा विचार करणार आहोत.

मोबाईल वाईट, असे आमचे म्हणणे नाही. बिल आल्याचे घरबसल्या कळते, खताचे पैसे उभ्या उभ्या देता येतात, बँकेत दिवस मोडत नाही. हा फायदा खरा आहे. तरीसुद्धा व्यापार, आपली हौस आणि हे यंत्र ही तीन चाके एकमेकांत अडकून कशी फिरतात, हे एकदा समजून घेणे जरुरीचे आहे.

पूर्वीचा बाजार

विसरवाडी हे सुरत-धुळे महामार्गावरचे गाव. त्यामुळे बाहेरचा माल इथे नवीन नाही. पण माल घेण्याची एक चाल ठरलेली होती. पाड्यावरचा माणूस आठवड्याच्या बाजाराला यायचा, तेल-मीठ-मिरची घ्यायचा, जमले तर पोरांसाठी खाऊ. मोठी खरेदी असली तर नवापूर नाहीतर नंदुरबार, आणि लग्नाचा बस्ता असला तर सुरत. एखादी वस्तू डोळ्यात भरली तरी खिशात पैसे नसायचे, मग पुढच्या बाजारापर्यंत थांबावे लागे. त्या आठ दिवसांत कितीतरी इच्छा आपोआप विरून जात. ज्या उरत, त्या खऱ्या गरजेच्या.

दुकानदार उधारी द्यायचा. याचा ऊस किती, तोड कधी लागणार, घरात लग्न आहे का, हे त्याला ठाऊक असे. त्याची लाल वही आपण उघडून बघू शकत होतो. उधारीत चढा भाव लावणारे आणि मापात मारणारेही त्यात होते, हे विसरून चालणार नाही. पण भांडायचे झाले तर माणूस समोर होता.

वाट कशी तयार झाली

आजचा बाजार एका दिवसात खिशात आलेला नाही, आणि या वाटेचा एक टप्पा तर आपल्याच जिल्ह्यात आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले आधार क्रमांक नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी, तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत दिले गेले. पुढे आधार बँकेच्या खात्याला जोडला गेला. एप्रिल २०१६ मध्ये राष्ट्रीय पेमेंट महामंडळाने यूपीआय आणले आणि एका बँकेच्या खात्यातून दुसऱ्या बँकेच्या खात्यात क्षणात पैसे जाऊ लागले. त्याच वर्षी ५ सप्टेंबरला जिओची सेवा सुरू झाली. सुरुवातीला इंटरनेट फुकट मिळाले, मग सगळ्यांनाच स्वस्तात द्यावे लागले.

आणि ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजाराच्या नोटा रद्द झाल्या. ते दिवस सभासदांना आठवत असतील. १४ नोव्हेंबरला रिझर्व्ह बँकेने जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना जुन्या नोटा घ्यायला आणि बदलून द्यायला मनाई केली. ज्या बँकेत शेतकऱ्याचे खाते, तिथेच त्याची नोट चालेना. हातात रोकड नाही, बँकेपुढे रांग, आणि खिशात मात्र मोबाईल आहे, अशा कोंडीत पुष्कळ दुकानदारांनी काळ्या-पांढऱ्या चौकटीची पाटी पहिल्यांदा गल्ल्याजवळ लावली. ही क्यूआरची चौकट १९९४ साली जपानच्या डेन्सो कंपनीत मोटारीच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तयार झाली होती. कारखान्यातली ती खूण आज भाजीच्या टोपलीजवळ दिसते.

ओळख, खाते, स्वस्त इंटरनेट आणि रोकडीची टंचाई, या चार वाटा एका ठिकाणी मिळाल्या आणि बाजार खिशात शिरला.

गिऱ्हाईकानेही यंत्राला वाकवले

यंत्र आले आणि आपण बदललो, एवढेच झाले असे समजू नये. आपणही यंत्राला आपल्या चालीवर आणले. फ्लिपकार्ट ही कंपनी २००७ साली सुरू झाली. वस्तू बघितल्याशिवाय पैसे द्यायचे, ही गोष्ट आपल्याकडच्या माणसाला पटणारी नव्हती. म्हणून २०१० मध्ये कंपनीला माल घरी पोचल्यावर रोख पैसे घ्यायची सोय करावी लागली. आधी माल दाखव, मग पैसे घे, ही बाजाराची रीत कंपनीने मानली तेव्हा तिचा धंदा वाढला.

तसेच दुकानातल्या बोलक्या डबीचे. गर्दीत प्रत्येक वेळी मोबाईल उघडून संदेश वाचायला दुकानदाराला सवड कुठली? म्हणून ‘इतके रुपये मिळाले’ असे मोठ्याने सांगणारी डबी निघाली. ती मराठीतही बोलते. आणि १९८० च्या दशकात शांपू जसा पुडीत आला, आणि एकदम बाटली न परवडणाऱ्या घरातही गेला, तसे मोबाईलचे रिचार्जही पुडीतूनच खेड्यात आले.

यातून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. व्यापाऱ्याला आपली गरज असते. आपण अडून बसलो तर तो रीत बदलतो. ही ताकद आपल्याजवळ आहे.

फुकट कसे परवडते?

आता कोणी विचारील, पैसे पाठवायला काही लागत नाही, दुकानदारालाही शुल्क नाही, मग या कंपन्यांचे चालते कसे? प्रश्न रास्त आहे. खात्यातून थेट घेतलेल्या यूपीआयच्या पैशावरचे दुकानदाराचे शुल्क जानेवारी २०२० पासून सरकारने काढून टाकले. मग कमाई होते ती डबीच्या भाड्यातून, जाहिरातीतून, विमा विकण्यातून आणि मुख्य म्हणजे कर्ज देण्यातून. कर्ज कोणाला द्यावे आणि जाहिरात कोणाला दाखवावी, हे ठरवायला नोंद लागते. ती नोंद आपण स्वतः रोज पुरवतो.

लाल वहीत आपण घेतलेल्या मालाची नोंद असे. या नव्या वहीत न घेतलेल्या मालाचीही नोंद असते. कोणत्या साडीवर बोट थांबले, कोणता मोबाईल तीनदा बघितला, रात्री किती वाजता बघितला, हे सगळे त्यात टिपता येते. दुसऱ्या दिवशी तीच साडी, तोच मोबाईल पुन्हा डोळ्यासमोर येतो.

आपल्या कारखान्यातलेच उदाहरण घ्या. उसाचा रस काढल्यावर बगॅस उरते. ती बॉयलरला जाते, तिच्यावर वाफ होते, त्या वाफेच्या जोरावर पुढचा ऊस पिळला जातो. इथेही तसेच आहे. आपण बघतो, त्याची नोंद होते. नोंदीवर जाहिरात चालते, जाहिरातीने हौस वाढते, हौसेपोटी आपण पुन्हा बघतो आणि घेतो. फरक इतकाच, की कारखान्यात पिळला जातो तो ऊस असतो.

हप्त्याचा हिशेब

सगळ्यात सांभाळायची जागा म्हणजे हप्ता. एक कल्पित उदाहरण घेऊ. एक मोबाईल आहे. रोखीने घेतला तर ११,००० रुपये. ‘बिनव्याजी हप्त्याने’ घेतला तर दरमहा २,००० प्रमाणे सहा हप्ते, म्हणजे १२,०००, आणि वर सुरुवातीलाच ३०० रुपये कागदपत्रांचा खर्च. ‘दादा, व्याज काहीच नाही, आत्ता घेऊन टाका,’ असे विकणारा सांगतो.

बघा आता. ११,००० च्या वस्तूला १२,३०० गेले. वरचे १,३०० हे व्याजच की! आणि सहा महिने पूर्ण ११,००० आपल्याकडे राहिलेही नाहीत. दर महिन्याला त्यातले फेडतच गेलो. हे धरून हिशेब केला तर वर्षाचा दर ४० टक्क्यांच्या आसपास पडतो.

ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळाले नाहीत तर १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे साखर कारखान्याने सालीना १५ टक्के व्याज द्यायचे असते. त्या व्याजासाठी सभेत उभे राहून आपण बोलतो, आणि बोललेच पाहिजे. पण १५ टक्के मागणारा सभासद ४० टक्के देताना एक अक्षर विचारत नाही, हे बरे नव्हे.

बिल हंगामात येते, हप्ता मात्र दर महिन्याला येतो. पावसाळ्यात खताची, निंदणीची निकड असते त्याच वेळी खात्यातून हप्ता कापला जातो, आणि खात्यात पैसे नसले तर दंडही बसतो. ही गाठ हप्ता घेतानाच ओळखावी.

कायद्याने दिलेली साधने

कर्जदाराच्या आणि गिऱ्हाईकाच्या बाजूनेही काही नियम झाले आहेत. ते पुष्कळांना माहीत नाहीत, म्हणून थोडक्यात देतो.

मोबाईलवरून कर्ज देणाऱ्याने सगळे खर्च धरून वर्षाचा एकूण दर किती, हे एका कागदावर मांडून दिले पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो कागद कर्जदाराला समजेल अशा भाषेत हवा. म्हणजे आपण मराठीत मागू शकतो. पैसे घेताना यंत्र मराठी बोलते आणि अटी सांगायच्या वेळी इंग्रजीत शिरते, ही चाल आपण मान्य करू नये. शिवाय असे कर्ज घेतल्यावर मन बदलले तर किमान एक दिवसाची मुदत मिळते. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या काळाचे व्याज भरून दंडाशिवाय मोकळे होता येते. मात्र सुरुवातीचा कागदपत्रांचा खर्च कर्ज देणारा ठेवून घेऊ शकतो.

‘फक्त दोनच नग शिल्लक’, ‘दहा मिनिटांत सवलत संपणार’ अशी खोटी घाई दाखवणे, न मागितलेली वस्तू बिलात घुसवणे, भाव शेवटी शेवटी वाढवत नेणे, अशा १३ प्रकारच्या फसव्या युक्त्यांना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक नियमांनी मनाई केली आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक १९१५ आहे. खात्यातून पैसे लुबाडले गेले तर वेळ न घालवता १९३० ला फोन करावा. जितका लवकर फोन, तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त.

आता आपण काय करावे

पहिली गोष्ट, आपला पिन आपल्याजवळच ठेवावा. दुकानदाराला नाही, ओळखीच्या पोराला नाही, फोनवरच्या ‘साहेबा’ला तर नाहीच. पैसे द्यायला पिन लागतो, घ्यायला लागत नाही. ‘पैसे जमा करतो, पिन टाका’ असे जो म्हणतो तो लुबाडणारा आहे, असे खुशाल समजावे.

दुसरी, बिल जमा झाल्यावर सोसायटीचे कर्ज, खत-बियाणे, पोरांच्या शाळेचा खर्च आणि आजारपणासाठीची रक्कम आधी बाजूला काढावी. शक्य असल्यास वेगळ्या खात्यात ठेवावी, ज्याला मोबाईलवरचे पैसे देणे जोडलेले नाही.

तिसरी, मोठी वस्तू घ्यायची असेल तर मधला एक बाजार जाऊ द्यावा. पूर्वी हे थांबणे परिस्थितीने शिकवले होते. आता आपणच पाळले पाहिजे. त्या आठवड्यात घरच्या बाईमाणसाशी बोलावे आणि नवापूरच्या दुकानात तीच वस्तू हातात घेऊन भाव विचारावा. कित्येकदा रोखीचा भाव तिथेच बरा निघतो, आणि बिघडली तर दुरुस्तीला माणूसही तिथेच सापडतो.

चौथी, ही वाट फक्त आत येणारी नाही, बाहेर जाणारीही आहे. आपल्या तालुक्याच्या तूरडाळीला ‘नवापूर तूरडाळ’ म्हणून भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. बचत गटाच्या बहिणींनी आणि शिकलेल्या मुलांनी याच मोबाईलवरून ती डाळ दूरच्या गिऱ्हाईकापर्यंत न्यायचा प्रयत्न करावा. घेणाऱ्याच्या जागी बसून बाजार जेवढा कळतो, त्याहून जास्त तो विकणाऱ्याच्या जागी बसल्यावर कळतो.

सभासदहो, आडसाली ऊस शेतात सोळा-अठरा महिने उभा असतो. इतके दिवस थांबून कमावलेला पैसा एका रात्रीत, एका बोटाने जाऊ शकतो. गटाच्या पुढच्या बैठकीला हप्त्याने घेतलेल्या वस्तूंचे कागद बरोबर आणावेत. चार जाणत्या मुलांना बसवून सर्वांनी मिळून ते वाचावेत, हिशेब मांडावा. काट्यावरची पावती वाचायला आपण असेच एकमेकांकडून शिकलो. हेही जमेल.