जुनी ऐरण घेताना: माथा बघा, मग भाव बोला



खरीप तोंडावर आला की आपल्या गटांकडे बी-बियाणं, शेळ्या, शिलाई मशीन यांसाठी कर्जाचे अर्ज येतात. त्यातच कधी एखाद्या लोहार किंवा घिसाडी कुटुंबातल्या ताईचा अर्ज असतो, "ऐरण घ्यायची आहे" म्हणून. अशा अर्जावर बैठकीत फारशी चर्चा होत नाही. लोखंडाचा ठोकळा तो, त्यात काय बघायचं, असं वाटतं. पण शेळीचे दात बघून शेळी घेतो, तशी ऐरणही बघूनच घ्यावी लागते. चुकीची आली तर हप्ता चालू राहतो आणि काम मात्र निम्मं होतं.

निम्मं का होतं, ते आधी समजून घ्या. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी पुरुष सांडशीनं तापलेलं लोखंड धरतो आणि घण मारते बाई. ऐरण चांगली कडक असेल तर घाव लोखंडावर बसतो, ते पसरतं आणि घण हाताला उसळी देऊन थोडा वर येतो. ऐरण मऊ असेल तर घाव ती स्वतःच गिळते. एका खुरप्याला दहाऐवजी पंधरा घाव लागतात, तोवर लोखंड थंड होतं, पुन्हा भाता मारा, पुन्हा कोळसा घाला. कोळशाचा खर्च वहीत दिसतो. त्या ताईचे भरून आलेले दंड कुठल्याच वहीत दिसत नाहीत.

नवी चांगली ऐरण महाग पडते, म्हणून जुनी शोधायची. ती भंगारवाल्याकडे, बंद पडलेल्या कारखान्याच्या लिलावात, जुन्या वर्कशॉपमध्ये किंवा एखाद्या घरी पडवीत पडलेली मिळते. पोलादाची ऐरण शंभर वर्षांची असली तरी बिघडत नाही. आपल्याला बघायच्या त्या दोनच गोष्टी: ती कशाची आहे आणि तिचा माथा कसा आहे.

कशाची, म्हणजे बिडाची की पोलादाची. बिडाचा तवा आपल्या घरात असतो, तो खाली पडला की तडकतो हे तुम्हाला माहीतच आहे. बिडाच्या ऐरणीचंही तेच. घणाखाली तिच्या कडा फुटतात आणि माथ्याला खड्डे पडतात. दिसायला मात्र ती पोलादाच्या ऐरणीसारखीच असते आणि रंग दिला की ओळखूच येत नाही. लोहचुंबक लावून काही कळत नाही, तो दोन्हींना चिकटतो. काही ऐरणींच्या अंगावर साच्याची जाड शीर आणि खरखरीत दाणेदार पोत दिसतो. तसं दिसलं तर बिडाचा संशय धरा, पण एवढ्यावरच निकाल देऊ नका. काही चांगल्या ऐरणीही ओतीवच असतात, फक्त त्या ओतीव पोलादाच्या असतात.

आता माथा. बाजारात जाताना पिशवीत चार वस्तू न्या: छोटी हातोडी, शाळेची पट्टी, बेअरिंगमधली एक मोठी गोळी आणि जुनी कानस. गोळी गॅरेजवाल्याकडे फुकटातही मिळते.

पहिल्यांदा माथा फडक्यानं पुसा. ताजा रंग दिलेली ऐरण दिसली की मला तरी शंका येते, कारण रंगाखाली लांबी भरून चीर झाकता येते. नंतर हातोडीनं माथ्यावर टोकापासून टोकापर्यंत हलके टोले देत चला. चांगली पोलादी ऐरण घंटेसारखी खणखणते. बीड "थड" असा मेलेला आवाज देतं. माथ्यावर एकाच जागी आवाज बसका येत असेल तर तिथं आत चीर असू शकते, किंवा वरची पोलादी पाटी खालच्या लोखंडापासून सुटलेली असू शकते. जुन्या ऐरणींत अंग साध्या घडीव लोखंडाचं आणि वर साधारण अर्ध्या इंचाची पोलादी पाटी भट्टीत जोडलेली, अशी पद्धत होती. ती पाटी सुटलेली असेल तर ऐरण सोडून द्या. आवाज ऐकताना ऐरण मोकळी ठेवायला सांगा. मातीत रुतलेली किंवा भंगाराच्या ढिगात दाबलेली असेल तर चांगलीचाही आवाज दबतो.

मग गोळीची परीक्षा. माझ्या मते सगळ्यात खरी हीच. पट्टी उभी धरून 10 इंचांवरून गोळी सोडा, फेकू नका. 7-8 इंच परत उसळली तर माथा उत्तम. 5-6 इंच आली तर काम भागेल. 3-4 इंचांवरच थांबली तर तो माथा मऊ आहे, मग ते बीड असो की आगीत सापडून पाणी उतरलेलं पोलाद. आग लागलेल्या दुकानातली ऐरण वरून अगदी छान दिसते, म्हणून ही परीक्षा टाळू नका. मधोमध, दोन्ही टोकांना आणि चारही कडांजवळ, असं सहा-सात ठिकाणी करा.

कानस शेवटी, आणि तीही कडेला, मधल्या भागावर नाही. कडक माथ्यावर कानस घसरते. मऊवर ती लगेच चावते आणि कीस पडतो. विक्रेता तयार असेल तर पायाजवळ, खालच्या बाजूला ग्राइंडर क्षणभर टेकवून ठिणग्या बघा. पोलादाच्या ठिणग्या लांब, उजळ आणि टोकाला फुटणाऱ्या असतात. बिडाच्या आखूड, तांबूस आणि थोड्याच उडतात.

माथ्यावर मधे थोडा खोलगटपणा असेल, कडा दोन-चार ठिकाणी उडालेल्या असतील, चोच थोडी बोथट असेल, तर घाबरू नका. तेवढं म्हातारपण चालतं. उलट तेच दाखवून भाव पाडा. आरपार चीर, सुटलेली पाटी आणि मऊ माथा, या तीन गोष्टींना मात्र माफी नाही.

कधी कधी विलायती ऐरण नजरेस पडते. ब्रिटिश काळात अशा ऐरणी इंग्लंडहून येत. अंगावर इंग्रजीत पीटर राइट किंवा माऊसहोल असं कोरलेलं असतं. अक्षरं गंजली असतील तर वर कागद ठेवून कोळसा घासा, उमटतात. नावाशेजारी तीन आकडे असतात, उदाहरणार्थ 1-1-14. हे किलो नव्हेत. पहिला आकडा 112 पौंडांचा, दुसरा 28 पौंडांचा आणि तिसरा सुट्या पौंडांचा. म्हणजे 112 अधिक 28 अधिक 14, एकूण 154 पौंड, आपले साधारण 70 किलो. मधला आकडा कधी 3 च्या वर नसतो. अशी ऐरण दिसली आणि गोळी चांगली उसळली तर फार घासाघीस करत बसू नका, दुसरा गिऱ्हाईक उभाच असतो.

वजन किती हवं? हातोड्याच्या पन्नासपट असा ढोबळ हिशेब लोहार सांगतात. किलोभराचा हातोडा तर पन्नास किलोची ऐरण. घण चालणार असेल तर वजन जितकं जास्त तितकं बरं. गावोगाव फिरणाऱ्या घिसाडी कुटुंबाला एवढं वजन नेणं जमत नाही. त्यांची छोटी चौकोनी, खाली खुंटीसारखं टोक असलेली ऐरण जाड लाकडात नीट बसवली तर खुरपी-विळ्यांना पुरते. फाळ आणि पहारीसाठी ती कमी पडते.

भाव करताना त्या दिवशीचा भंगाराचा दर आधी दुसऱ्याच दुकानात विचारून या. बिडाची असेल तर भंगाराच्या दरापेक्षा एक रुपयाही जास्त देऊ नका, खरं तर घेऊच नका. पोलादाची चांगली असेल तर दर जास्त लागणारच. वजन अंदाजे धरू नका, काट्यावर करा. 60 किलोच्या ऐरणीत पाच किलोची "चूक" झाली तरी तो एका हप्त्याचा मोठा भाग होतो.

रेल्वेच्या रुळाचा तुकडा "हाच ऐरण म्हणून वापरा" म्हणून दाखवतात. रूळ चांगल्या पोलादाचा असतो यात शंका नाही. नेहमीचा रूळ मीटरला 52 किंवा 60 किलोचा असतो, म्हणजे फूटभर तुकडा साधारण 16 ते 18 किलो. तो आडवा न ठेवता उभा गाडला तर घावाखाली पूर्ण वजन येतं आणि काम चांगलं होतं. पण रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगणं हा 1966 च्या कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. रेल्वेच्या अधिकृत लिलावातला माल असल्याचं बिल मिळालं तरच घ्या. बिल नसेल तर कितीही स्वस्त असला तरी नको, पोलीस पाटलापर्यंत गोष्ट जायला वेळ लागत नाही.

ऐरण घरी आली की तिला नवी करण्याची घाई होते, आणि जुन्या चांगल्या ऐरणी बहुतेक इथंच वाया जातात. माथा ग्राइंडरच्या दगडानं घासून आरशासारखा करू नका. जो कडक थर आपण पैसे देऊन आणला तोच घासून जातो. गंज काढायला भट्टीत टाकू नका, माथ्याचं पाणी उतरेल. उडालेल्या कडांवर साध्या वेल्डिंग रॉडनं भर घालू नका. न तापवता केलेलं वेल्डिंग कडक पोलादाला आतून तडे देतं आणि पुढच्या घावाला टवका उडतो. फारच गरज असेल तर आधी ऐरण सबंध तापवून, त्या कामाचा खास रॉड वापरून आणि मग हळूहळू निववून देणारा जाणकार वेल्डर शोधावा लागतो. एवढा खर्च करण्यापेक्षा कडेची दुसरी शाबूत बाजू वापरा.

करायचं ते एवढंच. डिझेल लावून रात्रभर ठेवा, सकाळी तारेच्या ब्रशनं गंज घासा आणि पुसून जवसाच्या तेलाचा पातळ हात द्या. कडेला बाहेर वळलेले धारदार ओठ आले असतील तर कानशीनं किंवा पॉलिशच्या चकतीनं दोन-तीन मिलिमीटर गोल करा, कारण तेच तुटून अंगावर उडतात. डोळ्याला चष्मा हवाच, ब्रशच्या तारा सुटून येतात. माथ्याची चकाकी कामानं आपोआप येते.

बैठक बाभळीच्या बुंध्याची करा. लाकडाचे रेषे उभे राहतील असा ओंडका निम्मा जमिनीत गाडा, भोवती मुरूम ठोकून भरा आणि ऐरण लोखंडी पट्ट्यांनी आवळा. आवळल्यावर खणखणाटही कमी होतो, कान वाचतात. उंची ठरवताना एकट्यानं हातोडा चालवणारा उभा राहून मूठ खाली सोडतो आणि माथा मुठीला लागेल इतका ठेवतो. घण चालणार असेल तर माथा त्याहून थोडा खाली लागतो. पण फार खाली, बसून काम करणाऱ्याच्या सोयीनं ठेवला तर घण मारणारीला प्रत्येक घावाला वाकावं लागतं. म्हणून ओंडका पक्का गाडण्याआधी तिला घण हातात देऊन दहा घाव मारून बघू द्या, आणि ती म्हणेल तेवढा वर-खाली करा.

शेवटी कागदाचं. गटातून अंतर्गत कर्ज दिलं असेल तर वजन, दर आणि विक्रेत्याची सही असलेलं बिल रजिस्टरला लावा. साधी पावती असली तरी चालेल. पीएम विश्वकर्मा योजनेत 17 सप्टेंबर 2023 पासून लोहारकामाचा समावेश आहे. नोंदणी आणि प्रशिक्षण झालं की अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत ई-व्हाउचर मिळतं, आणि पुढे 1 लाख रुपयांपर्यंतचं पहिलं कर्ज 5 टक्के व्याजानं. कुटुंबातल्या एकाच व्यक्तीला हा लाभ मिळतो. घण मारणारी ताईसुद्धा कारागीरच आहे, तेव्हा अर्ज कोणाच्या नावानं करायचा हे घरात आधी बोलून घ्या आणि नोंदणीला जन सुविधा केंद्रात आधार, बँक पासबुक व मोबाईल घेऊन जा.